पुस्तकातले वारे आणि केजच्या माळावरच्या पवनचक्क्या

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. वर्गात ग्रहीय वारे शिकवताना एका मुलीने त्यांना विचारलं, आकृतीप्रमाणे आपण ईशान्य व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात येतो, म्हणजे वारं ईशान्येकडून यायला पाहिजे. मग आमच्या माळावरच्या पवनचक्क्या सगळा पावसाळा पश्चिमेकडे तोंड करून का गरगरतात? पुस्तक चुकलं का? आणि एवढं वारं सुटतं तरी पाऊस का नसतो?

मॅडम, पुस्तक चुकलेलं नाही, पण अपुरं आहे. ती आकृती साऱ्या पृथ्वीची आणि वर्षभराची सरासरी असते. शिवाय ती काढताना हिमालय नाही, आफ्रिका नाही, जिकडेतिकडे समुद्रच आहे असं धरून चालतात. आणि तिसरी गोष्ट मला जास्त खटकते. तिच्यात फक्त जमिनीलगतचा वारा दाखवलेला असतो. माझी नोकरी मराठवाड्यातल्या एका हवामान केंद्रावर उंचावरचा वारा मोजणारे फुगे सोडण्यात गेली. त्या कामात एक गोष्ट पक्की ठसते, की अंगाला लागतो तो वारा म्हणजे एका मोठ्या फेऱ्याचा खालचा टप्पा असतो. वरचा टप्पा दिसत नाही आणि तोच बहुतेकदा उलट्या दिशेचा असतो. तुमच्या विद्यार्थिनीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या वरच्या टप्प्याकडे पाहिल्याशिवाय सुटत नाहीत.

फेरा सुरू होतो उष्णतेच्या हिशेबापासून. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३५ अंशांपर्यंतचा प्रदेश सूर्याकडून जितकी ऊर्जा घेतो, तितकी परत अवकाशात सोडत नाही. त्यापलीकडे ध्रुवांकडे उलटं, मिळकत कमी आणि खर्च जास्त. हा हिशेब वारा आणि समुद्रप्रवाह मिळून जुळवतात. ते थांबले तर विषुववृत्त तापतच जाईल आणि ध्रुव गारठतच जातील.

विषुववृत्ताजवळ समुद्रावरची दमट हवा तापून वर चढते. चढता चढता थंड होते, तिच्यातली वाफ पाणी होते आणि पाऊस पडतो. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती त्या हवेला आणखी वर ढकलते. सोळा-सतरा किलोमीटरवर मात्र तिची वाट बंद होते, कारण त्याच्यावर स्थितांबर हा वातावरणाचा वरचा थर सुरू होतो आणि तिथे उंचीबरोबर तापमान कमी होत नाही. मग ही हवा उत्तरेला आणि दक्षिणेला पसरते, ३० अंशांच्या आसपास खाली उतरते आणि जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे निघते. रहाटगाडग्यासारखं आहे हे, भरलेली गाडगी वर जातात आणि रिकामी होऊन खाली येतात. ३० अंशांवर उतरणारी हवा पाणी आधीच सांडून आलेली असते आणि उतरताना दाबली जाऊन तापते, किलोमीटरमागे जवळपास १० अंश. तिथे ढग धरत नाहीत. सहारा, अरबस्तान, थर, कलहारी, ऑस्ट्रेलियाचं वाळवंट ही सगळी थोड्याफार फरकाने त्या उतरत्या हवेखाली आहेत. वाळवंट तिथे का आहे याचं कारण हजारो किलोमीटरवर पडलेल्या पावसात असतं, हे मुलांना सांगून पाहा, त्यांना आवडतं.

आता वर गेलेली हवा थेट ध्रुवापर्यंत का जात नाही? पृथ्वी फिरते म्हणून. इथे आकडे घेतले की सगळं स्वच्छ होतं. विषुववृत्तावरची जमीन तासाला सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. ३० अंशांवर हा वेग साधारण १४५० आणि ६० अंशांवर निम्मा, ८३५. आपल्याकडे, म्हणजे १९ अंशांच्या आसपास, तो १५८० भरतो. विषुववृत्तावरून निघालेली हवा तिथला वेग घेऊनच उत्तरेला जाते, त्यामुळे ती जमिनीच्या पुढे पूर्वेकडे पळायला लागते. उलट ३० अंशांवरून दक्षिणेला निघालेली हवा जमिनीपेक्षा मागे पडते, आणि आपल्याला ती पूर्वेकडून येतेय असं जाणवतं. ईशान्य व्यापारी वारे ते हेच.

जॉर्ज हॅडली नावाच्या इंग्रज गृहस्थाने १७३५ मध्ये हे मांडलं. पेशाने वकील, वाऱ्यांचा हिशेब हा हौसेचा विषय. त्याच्या आधी, १६८६ मध्ये, एडमंड हॅलीने व्यापारी वाऱ्यांचा आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला होता. हॅली म्हणजे धूमकेतूवाला हॅली. पण वारे तिरपे का होतात ते त्याला नीट सांगता आलं नव्हतं. हॅडलीच्याही हिशेबात एक उणीव राहिली. हवा आपला वेग टिकवते असं तो समजला. खरं तर ती कोनीय संवेग, म्हणजे वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार, टिकवते, आणि पृथ्वीच्या अक्षाजवळ सरकलं की वेग आणखी वाढतो. हॅडलीप्रमाणे ३० अंशांवर पोचलेली हवा जमिनीच्या तासाला सव्वादोनशे किलोमीटर पुढे पळायला हवी, कोनीय संवेगाच्या नियमाने हाच आकडा पावणेपाचशेच्या वर जातो. घर्षण आणि भोवऱ्यांमुळे प्रत्यक्षात तेवढा होत नाही. तरी तिथे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वेगाचा झोत तयार होतो. हाच जेट प्रवाह. एवढा वेग पकडल्यावर हवेला सरळ ध्रुवाकडे जाणं जमत नाही, म्हणून तिचा फेरा ३० अंशांवरच आटोपतो.

वळण्याचा सर्वसाधारण नियम १८३५ मधल्या गास्पार कोरिओलिसच्या गणितातून येतो: उत्तर गोलार्धात वाहती हवा आपल्या उजवीकडे वळते, दक्षिणेत डावीकडे, विषुववृत्तावर अजिबात नाही. बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका बाजूने आणि दक्षिणेत दुसऱ्या बाजूने गोल फिरतं असं जे व्हिडिओत दाखवतात ते मनावर घेऊ नका. एवढ्याशा भांड्यात या बळाला काही करता येत नाही, तिथे नळाची धार आणि बेसिनचा आकार ठरवतो.

३० ते ६० अंशांच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मुलीचा प्रश्न तिथला नाही. तिथे उष्णता नेण्याचं काम मोठमोठे फिरते भोवरे करतात. पश्चिमी वारे तिथलेच. दक्षिण गोलार्धात त्यांना अडवायला जमीन नाही म्हणून ते इतके जोरात वाहतात की खलाशांनी चाळीस आणि पन्नास अंशांवरच्या वाऱ्यांना गरजणारे चाळीस आणि खवळलेले पन्नास अशी नावं दिली. या पट्ट्याचा एखादा हात हिवाळ्याच्या शेवटी खाली आपल्यापर्यंत पोचतो आणि त्याची समुद्रावरून आलेल्या दमट हवेशी गाठ पडते, तेव्हा काय होतं ते मराठवाड्याने २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहिलंय. उभी ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षबागा सगळ्याची गारपिटीने माती झाली होती.

आता मूळ मुद्दा. हवा वर चढण्याचा जो पट्टा विषुववृत्तावर काढलेला असतो, तो तिथे बसून राहत नाही. सूर्य उत्तरेकडे आला की तोही सरकतो. उघड्या समुद्रावर थोडा सरकतो, पण भारतात मोठा भूभाग तापतो आणि तिबेटचं साडेचार-पाच हजार मीटर उंचीचं पठार उंचावरच हवा तापवतं, त्यामुळे इथे तो फार वर जातो. जुलैत तो गंगेच्या मैदानावर असतो. श्रीगंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला मान्सूनचा कमी दाबाचा आस म्हणतात तो हाच. म्हणजे जुलैत केज या पट्ट्याच्या दक्षिणेला येतं! पुस्तकातल्या हिशेबाने आपण त्या चार महिन्यांत जणू दक्षिण गोलार्धातल्या वाऱ्यांच्या ताब्यात जातो.

तो वारा कुठून निघतो तेही पाहू. मादागास्करच्या आग्नेयेला, ३० अंश दक्षिणेजवळ, हिंदी महासागरावर जास्त दाबाचं एक मोठं केंद्र असतं. त्याला मास्करीन बेटांचं नाव आहे. तिथून आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्ताकडे निघतात. वाटेत पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ उंचवटा आडवा येतो आणि वारा त्याच्या कडेला दाबून केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याने अरुंद झोतासारखा वर चढतो. विषुववृत्त ओलांडलं की वळणाची बाजू बदलते, डावीची उजवी होते, आणि आग्नेयेकडून आलेला वारा नैर्ऋत्येचा होऊन अरबी समुद्रावर सुटतो. साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या या झोताचं नीट वर्णन जे. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये केलं. सह्याद्रीपाशी येईपर्यंत तो बराचसा पश्चिमेचा झालेला असतो. बालाघाटच्या माळावर पवनचक्क्यांना जो वारा लागतो तो हा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, म्हणून पवनचक्क्यांची वर्षाची बहुतेक कमाई या चार-पाच महिन्यांतच होते.

जानेवारीत तो पट्टा विषुववृत्ताच्याही दक्षिणेला उतरलेला असतो. तेव्हा आपण खरोखर ईशान्य व्यापारी वाऱ्यांत असतो, आकृतीत दाखवलंय तसं. तुमच्या विद्यार्थिनीला डिसेंबरात माळावर जाऊन बघायला सांगा. पवनचक्क्यांची तोंडं पूर्व-ईशान्येला असतील आणि निम्म्या तर फिरतच नसतील.

आता वरचा मजला. फुगा सोडण्याचं काम पहाटे साडेपाचच्या सुमाराला आणि पुन्हा संध्याकाळी त्याच वेळेला. जगभर सगळी केंद्रं एकाच घटकेला सोडतात. फुगा मिनिटाला तीनेकशे मीटर चढतो, तीस किलोमीटरच्या आसपास फुटतो, आणि त्याची जागा कशी सरकते त्यावरून प्रत्येक उंचीवरचा वारा कळतो. पावसाळ्यात फुगा सुटला की आधी पूर्वेकडे पळतो, पाच-सहा किलोमीटरच्या पुढे रेंगाळतो, आणि मग चक्क माघारी फिरून पश्चिमेकडे जोरात निघतो. हिवाळ्यात याच्या बरोबर उलट. थोडा वेळ पश्चिमेकडे सरकतो आणि मग वर जेट प्रवाहात शिरला की पूर्वेला सुसाट. संभाजीनगरहून सोडलेला फुगा अशा दिवशी जालन्याच्या शिवारात पडला तर नवल नाही. (त्याला बांधलेली थर्माकोलची पांढरी डबी कुणाच्या रानात सापडते, मग गाव गोळा होतं आणि कुणीतरी पोलिसांना फोन करतं. तिच्यात फक्त तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं असतात.)

पावसाळ्यात वर पूर्वेचा वारा का? कारण तो परतीचा रस्ता आहे. भारतावर आणि बंगालच्या उपसागरावर वर चढलेली हवा माघारी दक्षिणेकडे निघते, उत्तर गोलार्धात असल्यामुळे आपल्या उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे वळते, आणि पूर्वेकडून येणारा झोत तयार होतो. चौदा-सोळा किलोमीटरवर तो तासाला शंभर किलोमीटरच्याही पुढे जातो आणि त्याचा गाभा चेन्नईच्या अक्षांशाजवळ असतो. हा पूर्वेकडचा जेट प्रवाह पी. कोटेश्वरम या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात जगापुढे मांडला, पुढे ते हवामान खात्याचे महासंचालक झाले. ही हवा विषुववृत्त ओलांडून शेवटी दक्षिण हिंदी महासागरावर उतरते, म्हणजे त्याच मास्करीन केंद्रावर, जिथून खालचा वारा निघाला होता. फेरा तिथे पुरा होतो. पाऊस केजला पडला की त्याच हवेची वरची टोकं मादागास्करकडे निघालेली असतात.

पश्चिमेच्या जेट प्रवाहाची गोष्टही मजेची आहे. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी निरीक्षकाने फुगे सोडून तो टिपला, आणि जगाने वाचावं म्हणून एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी बनवलेल्या कृत्रिम भाषेत छापला. वाचणार कोण! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली तेव्हा समोरून येणाऱ्या त्या वाऱ्यात वैमानिकांचे हिशेब कोलमडले.

मराठवाड्याला या ऋतुबदलाचा फायदा फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, या बाजारपेठांची नावं आहेत. तिथून कापड आणि मौल्यवान दगड गाड्यांनी भडोचला जात आणि पुढे जहाजांवर चढत. इजिप्तहून येणारी जहाजं जुलैच्या सुमाराला निघत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत. परत जायला हिवाळ्यातला ईशान्येचा वारा. तेरच्या संग्रहालयात रोमशी झालेल्या व्यापाराच्या खुणा पाहायला मिळतात. वर्गाची सहल काढायची असेल तर वेरूळऐवजी एखादं वर्ष तिकडे काढा.

दुसरा प्रश्न, वारं आहे तर पाऊस का नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या मनात वारा पाऊस आणतो असं असतं. वारा वाफ आणतो. पाऊस पडायला ती वर चढावी लागते. सह्याद्रीवर डोंगरच तिला चढवतो, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. घाट उतरला की तीच हवा खाली येते, तापते, ढग विरळ होतात. आष्टी-पाटोद्याकडे वारा भरपूर आणि पाऊस तोकडा, त्याचं कारण हे. साऱ्या मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि ती पूर्वेकडे वाढत जाते. नांदेडच्या किनवट-माहूर भागात बीडपेक्षा बराच जास्त पडतो. कारण आपल्याकडे हवा वर चढवण्याचं काम मुख्यतः बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा-छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे करतात. ते आले की पूर्वेकडच्या जिल्ह्यांना आधी आणि जास्त मिळतं. मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याला सरकला की हे पट्टे आपल्या बाजूला येईनासे होतात, आणि मग पावसाचा खंड. वारं भणभणतं, आभाळ धावतं, सोयाबीन माना टाकतं. सप्टेंबरात वारा मंदावतो आणि तेव्हाच दुपारनंतर ढग उभे वाढून धो धो कोसळतात, कारण तेव्हा वारा नसला तरी हवा वर चढते.

यात आणखी एक आडवा फेरा मिसळतो. प्रशांत महासागरावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात, तिथे हवा वर चढते आणि पेरूच्या बाजूला उतरते. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहत होते, तेव्हा त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांमधली दाबाची ही तराजूसारखी हालचाल सापडली. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी तिचा एल निनोशी संबंध जोडला आणि त्या फेऱ्याला वॉकरचं नाव दिलं. एल निनोच्या वर्षी व्यापारी वारे ढिले पडतात, गरम पाणी मध्य आणि पूर्व प्रशांतात पसरतं, चढण्याची जागा तिकडे सरकते आणि आपल्या बाजूला हवा उतरण्याचा कल वाढतो. २०१५ चा एल निनो जोरदार होता. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात सुमारे ४० टक्के तूट पडली, आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पण एल निनो म्हणजे दुष्काळ असं समीकरण मांडू नका. १९९७ चा एल निनो तेवढाच तगडा होता आणि त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागराची पश्चिमेकडची बाजू तेव्हा जास्त गरम होती. दूरदर्शनवर एल निनोचं नाव ऐकून पेरणी ठरवणाऱ्यांना मी हेच सांगत आलोय.

वर्गासाठी एक उद्योग सुचवतो. मोबाइलवरच्या वाऱ्याच्या नकाशांमध्ये उंची निवडता येते. तिथे उंची हवेच्या दाबाने, हेक्टोपास्कलमध्ये दिलेली असते. ८५० हेक्टोपास्कल निवडलं की दीड किलोमीटरवरचा वारा दिसतो, २०० निवडलं की बारा किलोमीटरवरचा. मेच्या शेवटापासून दर आठवड्याला दोन्ही पाहून मुलांना वहीत बाण काढायला लावा. खाली सोमालियाचा झोत कधी जोर धरतो आणि वर मराठवाड्यावरचे पश्चिमेचे बाण कधी पूर्वेचे होतात, ते आपोआप कळेल. ऑक्टोबरात हेच उलट घडताना सापडेल. पण शाळेच्या आवारातला वारा नोंदीला घेऊ नका. भिंती आणि झाडं त्याची दिशा बदलतात, उन्हाळ्यात तर दुपारी वावटळी त्याला कुठेही फिरवतात. पवनचक्कीचं तोंड त्यापेक्षा भरवशाचं, तिचा पंखा ऐंशी-शंभर मीटर वर असतो. फक्त एकच पाहून नोंद करू नका. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली पवनचक्की जुन्याच दिशेला तोंड करून उभी असू शकते, म्हणून फिरत्या तीन-चार बघा आणि मगच लिहा.